चिपसेटला वारा

आमच्या घरात उन्हाळ्यात वारा आधी कुणाला मिळायचा याचा क्रम ठरलेला होता. पहिला मान चिपसेटचा. मग यांचा, कारण हे चिपसेटच्या शेजारी बसलेले असत. मग देवघरातल्या समईचा, कारण ती विझायची आणि मी ओरडायचे. स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या बाईचा नंबर कितवा, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर "तुझं तापमान स्क्रीनवर कुठे दिसतं?" असं उत्तर आलं असतं, आणि लाटणं हातात असताना मला स्वतःचा भरवसा नव्हता.

चिपसेट म्हणजे काय हे मलाही तेव्हाच कळलं. संगणकाच्या मदरबोर्डवर एक चौकोनी चिप असते. माउस, जॉयस्टिक, डिस्क, इंटरनेट, सगळ्यांचे निरोप तिच्या हातून जातात. नाव होतं प्रोसेसरचं, थाटमाट ग्राफिक्स कार्डाचा, आणि राबते ही. आमच्या यंत्रात तर ते भलंमोठं कार्ड नेमकं हिच्या डोक्यावर आडवं बसवलेलं होतं आणि त्याचे गरम सुस्कारे दिवसभर हिच्या अंगावर. मला एकत्र कुटुंबातली धाकटी सून आठवली आणि चिपसेटबद्दल थोडी मायाही वाटली. यांना तसलं काही आठवायचं कारण नव्हतं. हे त्या कुटुंबातले धाकटे चिरंजीव.

यंत्र मुळात आमच्या लेकीचं. इमारतींची चित्रं संगणकावर उभी करायचं तिचं काम होतं, त्यासाठी तिने हौसेने चांगलं दणकट मशीन जोडून घेतलं होतं. लग्न होऊन ती कॅनडाला गेली आणि मशीन कोपरच्या आमच्या घरात, खाडीकडच्या खिडकीखाली राहिलं. हे ठाण्याच्या कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा मला धास्ती होती की आता हे माझ्या स्वयंपाकघरात लक्ष घालणार. पण लेकीच्या मशीनने मला वाचवलं. यांनी त्यावर विमान उडवायचा खेळ घेतला.

खेळ म्हटलेलं यांना खपत नसे. सिम्युलेटर म्हणायचं. सगळी पृथ्वी त्यात हुबेहूब, ढग आत्ता जसे असतील तसे, पाऊस असेल तर पाऊस. मुंबईहून उठायचं आणि कुठेही जायचं. आम्ही दोघांनी तोवर विमान फक्त खालून पाहिलेलं. आयुष्यभर फायलींवर शेरे मारलेला माणूस बनियनवर बसून समुद्र ओलांडतो आहे हे बघायला मला सुरुवातीला मजा वाटायची. चहा नेऊन दिला की मी विचारायचे, "कुठे पोचलात?" हे गंभीरपणे म्हणायचे, "मस्कतच्या वर आहे. कप डावीकडे ठेव."

पुढे कोलशेतला राहणाऱ्या यांच्या एका जुन्या सहकाऱ्याने यांच्या डोक्यात ओव्हरक्लॉकिंगचं पिल्लू सोडलं. म्हणजे यंत्र ज्या वेगाने चालायला बनवलं आहे त्यापेक्षा जास्त वेगाने त्याला पळवायचं. मी तीस-एक वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. कुवतीपेक्षा जास्त पळवलेली मुलं आणि त्यांना पळवणारे पालक मी पुष्कळ पाहिलेत. दोन्हीकडे शेवटी तापच निघतो. तसा तो इथेही निघाला.

हे सगळं चालायचं तसं चाललं असतं, पण मे महिन्यात लेकीचा फोन आला की तिला दिवस गेलेत. डिसेंबरची तारीख. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. पण तिला नोकरी सोडून इकडे येता येईना, तेव्हा माहेरानेच तिकडे जायचं ठरलं. व्हिसाचं काम लेकीने आणि जावयाने पार पाडलं. मी डिंक, अळीव, खारका यांची जमवाजमव सुरू केली. राहिलं फक्त तिकीट.

"दोघं जाऊ," हे म्हणाले. "फक्त मला एकदा तिकडचं लँडिंग जमू दे, मग लगेच तिकीट काढू."

मला वाटलं चेष्टा करतायत. मी हसले. हे हसले नाहीत.

मग रोज मुंबईहून विमान उठायचं. थेट कॅनडापर्यंत उडायला दिवस जातो, म्हणून हे बहुतेक वेळा शेवटचा टप्पाच घ्यायचे. लेकीच्या गावाचे दिवे दिसू लागले की खोलीत टाचणी पडलेली ऐकू येईल अशी शांतता. आणि धावपट्टी समोर आली की चिपसेट नव्वदी ओलांडायचा, विमान वळवायच्या जॉयस्टिकचा संबंध तुटायचा आणि विमान आपल्या मर्जीने कुठेतरी जायचं. "गेलं परत," हे म्हणायचे. "चिपसेट." नाचता येईना अंगण वाकडं, हे माझ्या ओठांवर यायचं. पण स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा खरोखरच लाल झालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. अंगण खरंच वाकडं होतं. अशी माझ्या लेकीच्या बाळंतपणाची आणि त्या चिपच्या तापमानाची गाठ बसली. मला जायचं होतं, म्हणून मीही तिला थंड करायच्या मागे लागले.

पहिल्यांदा संगणकाच्या कॅबिनेटची एक बाजू उघडून ठेवण्यात आली. मग माझा टेबलफॅन गेला. तो मी स्वयंपाकघरासाठी माझ्या पैशांनी घेतलेला होता आणि ओट्याच्या कोपऱ्यात राहायचा. "दोन दिवसांसाठी देतेस का?" म्हणून नेला, तो गेलाच. तो यांनी वरून खाली वारा मारेल असा उंच स्टुलावर ठेवला. मी म्हटलं, "अहो, गरम हवा वर जाते. तुम्ही वरून वारा घालून तिला परत खाली ढकलताय. खालून आत घ्या, वरून बाहेर जाऊ द्या. सातवीच्या पुस्तकात आहे."

"ते पुस्तकातलं झालं," हे म्हणाले. "हे मदरबोर्ड आहे."

दुसऱ्या दिवशी कुठल्याशा परदेशी पोराने व्हिडिओत हेच सांगितलं. तेव्हा हे मला बोलावून म्हणाले, "तुला माहिती आहे का, गरम हवा वर जाते." मी म्हटलं, हो का? आणि आत जाऊन कुकरची शिट्टी काढली.

त्यानंतर वाळ्याचा पडदा झाला. खिडकीला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी मारायचं, म्हणजे आत गार हवा येते, असं यांच्या लहानपणीच्या सोलापूरच्या आठवणीत होतं. सोलापूरची हवा कोरडी. खाडीकाठी पाणी वाळायलाच तयार नसतं, तर ते गारवा कुठून देणार? खोलीला देवळासारखा सुंदर वास सुटला, कॅबिनेटचे स्क्रू गंजले आणि चिपसेट होता तिथेच राहिला. मग ठाण्याहून एक पांढरी पेस्ट आली. चिप आणि तिच्यावरची धातूची चकती यांच्यामध्ये ती नखाएवढी लावायची असते, म्हणजे उष्णता नीट वर जाते. यांनी ती पुरणपोळीवर तूप घालावं तशी सढळ हाताने लावली. सगळी बाजूंनी बाहेर आली. ती पुसायला माझी जुनी सुती साडी.

भांडण मात्र झालं ते ताम्हणावरून. तांब्यातून उष्णता चटकन वाहते हे खरंच आहे. म्हणून देवघरातलं छोटं ताम्हण त्या चकतीवर टेकवून ठेवायचं यांच्या मनात आलं. ते ताम्हण माझ्या आईने मला दिलेलं. मी ते हातातून काढून घेतलं आणि म्हटलं, "देवाला आंघोळ घालायचं भांडं आहे ते. तुमच्या चिपला ताप आला असेल तर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवा." त्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोललो नाही. चिपशी हे बोलत होते.

लेक रविवारी फोन करायची. "आई, तिकिटाचं काय झालं?" मी काही बोलायच्या आत हे फोन घ्यायचे. "एक्याऐंशीवर आणलंय," अभिमानाने सांगायचे. "गेल्या आठवड्यात अठ्ठ्याऐंशी होतं." मग ती म्हणायची, "बाबा, माझं वजन विचारा ना एकदा."

एका रविवारी तिने विचारलं नाही. म्हणाली, "तुम्हाला जमेल तसं बघा. इथे शेजारीण आहे, ती येईल म्हणते हॉस्पिटलात." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गॅस न लावता शेगडीपुढे उभी होते. माझ्या लेकीच्या उशाशी शेजारीण बसणार, आणि मी इथे एका चिपला वारा घालणार.

दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रांची पूजा असते. शस्त्रं म्हणजे विळी, सुरी, यांचा स्क्रूड्रायव्हर, माझं शिलाईचं मशीन, आणि त्या वर्षी अर्थातच संगणक. ऑक्टोबरचा उकाडा मी म्हणत होता. मी म्हटलं, पूजेपुरतं तरी यंत्र बंद करा. हे म्हणाले, "चालत्या यंत्राची पूजा करायची असते. कारखान्यात तशीच करतात." कुठल्या कारखान्यात हे यांनाच माहीत. यांनी सोवळं नेसलं, कॅबिनेटला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. आणि अखेर डोळे मिटून, मंत्र म्हणत, मूठभर अक्षता उघड्या बाजूने थेट आत टाकल्या.

चिपसेटवर एक रुपयाएवढा पंखा असतो. त्यात तांदूळ गेले. आधी उडदाच्या पापडासारखा कडकड आवाज झाला, मग करवतीसारखा, आणि मग काहीच झालं नाही. स्क्रीन काळा पडला. कुंकवाचा वास आणि जळलेल्या प्लॅस्टिकचा वास एकत्र आला.

"झेंडूमुळे झालं," हे म्हणाले.

मी यांच्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटलं होतं चेहरा पडेल, निदान माझ्यावर तरी ओरडतील. तसं काही झालं नाही. यांनी सोवळ्याचा सोगा खांद्यावर घेतला आणि आरामात श्वास सोडला. परीक्षा पुढे ढकलल्याची सूचना फळ्यावर वाचून पोरं असा श्वास सोडतात. तो मी इतकी वर्षं वर्गात ऐकलाय की मला तो ओळखायला वेळ लागत नाही. "आता नवा पंखा येईपर्यंत काही इलाज नाही," हे म्हणाले आणि दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

मी तांदूळ भुवयांच्या चिमट्याने एकेक करून काढले. पंखा मी मागवला. तो आला तेव्हा तो बसवणंही मीच केलं, कारण यांना अचानक स्क्रू दिसेनासे झाले होते. पेस्ट नखाएवढी लावली. खालून हवा आत, वरून बाहेर. ओव्हरक्लॉकिंग थोडं खाली आणायलाही लावलं. मशीन सुरू झालं आणि चिपसेट अठ्ठावन्नवर जाऊन बसला. तासभर चालवलं तरी तिथेच. मी म्हटलं, "झालं. आता उतरवा विमान."

दिवाळीच्या आधीची दुपार होती. मी आत डिंक तळत होते. यांना वाटलं मी कामात आहे. मी पाणी प्यायला बाहेर आले आणि दारातच थांबले. स्क्रीनवर तिकडची पहाट होती, पांढरी जमीन आणि सरळ धावपट्टी, दोन्ही बाजूंना दिव्यांची रांग. लेकीचं गाव. कोपऱ्यात आकडा हिरवा होता, अठ्ठावन्न. विमान छान खाली येत होतं, कुठे हिंदकळत नव्हतं. यांना येत होतं. उत्तम येत होतं. पण बनियन पाठीला चिकटलं होतं आणि मान ताठ झाली होती. जमीन जवळ आली तसा यांचा डावा हात जॉयस्टिकवरून निघाला, टेबलाखाली गेला आणि यांनी स्वतःच्या हाताने जॉयस्टिकची वायर उपसून काढली.

विमान कलंडलं. "गेलं परत," हे रिकाम्या खोलीला म्हणाले. "चिपसेट."

मी पाऊल न वाजवता आत गेले. डिंक करपला होता. मला इतका राग आला की कढई मोरीत आपटावीशी वाटली. एवढे महिने मी घाम गाळून ज्याला थंड करत होते त्याचा आता तरी काही दोषच नव्हता. आणि रागाच्या पाठोपाठ जे आलं ते मला अजिबात नको होतं. मला त्या ओल्या पाठीची कीव आली. हा माणूस लग्नानंतर मला आकाशपाळण्यातसुद्धा बसू देत नव्हता, "तुला चक्कर येईल" म्हणायचा. मी ते प्रेम समजत आले होते. असेलही. पण चक्कर कुणाला यायची ते मला त्या दुपारी कळलं.

संध्याकाळी फराळाचं ताट घेऊन मी तळमजल्यावरच्या आजींकडे गेले. आमची इमारत उभी आहे ती जमीन पूर्वी त्यांच्या सासऱ्यांची भातशेती. आता त्यांना इथे चार फ्लॅट आहेत आणि बसायला मात्र अजून जिन्याची पायरीच लागते.

"कवा जातंस गो पोरीकरं?" त्यांनी विचारलं.

मी काय सांगणार? म्हटलं, "यांचं विमान अजून उतरत नाही हो, आजी." आणि मग सगळी हकीगत सांगितली, वायरीची सोडून.

आजींनी चकली मोडली, निम्मी खाल्ली. म्हणाल्या, "त्याचा नाय उतरला, त पोर थांबल काय?"

मी घरी आले आणि लेकीला फोन लावला. "एकच तिकीट काढ," म्हटलं. "माझं." ती रडत रडतच "काढते" म्हणाली. एकट्या आईला मध्ये विमान बदलायला लागू नये म्हणून तिने थेट विमान शोधलं.

रात्री जेवताना मी यांना सांगितलं, "भाऊबीज झाली की मी निघते."

"एकटी?"

"हो."

"पण लँडिंग अजून—"

"ते पायलट करेल."

हे भात कालवत राहिले. मग मान खाली घालूनच म्हणाले, "वायर मीच काढतो."

"ठाऊक आहे."

"आधी खरंच चिपसेट होता. मग तो गार झाला." हे थांबले. "जमीन जवळ आली की मला बघवत नाही गं. भीती वाटते. खेळ आहे हे माहीत असून वाटते."

इतक्या वर्षांत यांनी हा शब्द माझ्यासमोर पहिल्यांदा उच्चारला. "भीती मलाही वाटते," मी म्हटलं, "पण तिची तारीख जवळ आली." मी यांच्या ताटात आमटी वाढली. सकाळी उठून बघते तर टेबलफॅन ओट्याच्या कोपऱ्यात होता, पातीसुद्धा पुसलेली.

हे मला विमानतळाच्या दारापर्यंत सोडायला आले. "शाल घेतलीस का?" हे तीनदा विचारलं. आत जाताना मी वळून पाहिलं तर हे वर विमानांकडे बघत नव्हते, माझ्या बॅगेच्या चाकांकडे बघत होते.

विमानात माझ्या डोक्यावर एक गोल चकती होती. फिरवली की त्यातून वारा यायचा, थेट माझ्या तोंडावर, दुसऱ्या कुणाला नाही. मी ती पूर्ण उघडली आणि समुद्र ओलांडेपर्यंत तशीच ठेवली. सर्दी झाली, पण मी बंद केली नाही. मग विमान उतरू लागलं. खिडकीतून तीच पांढरी जमीन, तेच दिवे. मी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि टेबलाखाली जाणारा तो डावा हात मला आठवला. मला तेव्हा तो पुरता समजला. चाकं टेकली, दणका बसला, आणि झालं.

फोन सुरू केला तर यांचा निरोप आलेला होता. मी निघाले त्याच वेळी कोपरच्या खिडकीखालून यांचंही विमान उठलं होतं. अख्खा प्रवास हे माझ्याबरोबर बसून होते, शेवटचा टप्पा नाही, पहिल्यापासून.

"मी पण उतरलो," यांनी लिहिलं होतं. "तिकडे बर्फ आहे, शाल हाताशी ठेव. चिपसेटचा पंखा वाटेत खरंच बंद पडला. तुझा टेबलफॅन लावून आणलं. वायर काढली नाही."

काचेपलीकडे लेक उभी होती, पोटावर कोट न मावणारी. मला मिठी मारून झाल्यावर तिने पहिलं हेच विचारलं, "बाबा कसे आहेत?"

"उतरलेत," मी म्हटलं, आणि पिशवीतून शाल काढली.